निळ्या दिव्याचं उद्घाटन

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हा मी तिथल्या एका सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. प्रयोगशाळा म्हणजे आधीची अडगळीची खोली. तिच्यात एक सूक्ष्मदर्शक, एक बेसिन आणि मी. जिल्ह्यातल्याच गोरेगावकडून खोकणारी माणसं जिपांत कोंबून येत, डबीत थुंकी देत आणि मी काचपट्टीवर टीबीचे जंतू शोधत बसे.

एक दिवस लांबुळक्या खोक्यातून अतिनील किरणांची नळी आली. खोलीत कुणी नसताना अर्धा तास लावायची, हवेतले आणि टेबलावरचे जंतू मरतात, एवढंच तिचं काम. ट्रेनिंगमध्ये आम्हाला बजावलं होतं की, हे किरण जंतू आणि माणूस असा भेद करत नाहीत. त्या उजेडात उभं राहिलं की डोळे भाजतात, आणि ते कळतं काही तासांनी. मी दारावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला : ‘दिवा चालू असताना आत येऊ नये.’

आमच्या डॉक्टरांना मात्र त्या दिव्यात आपली शहरातली बदली दिसली. त्यांनी जिल्ह्यावरच्या मोठ्या साहेबांना उद्घाटनाला बोलावलं. नळीच्या उद्घाटनाला! मांडव पडला, हार आले, आणि साहेबांच्या स्वागताचा फलक नेमका माझ्या कागदावर ठोकला गेला.

साहेबांनी फीत कापली. पंधरा-वीस माणसं खोलीत शिरली. मी दाराबाहेरचं बटण बंद ठेवलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, “निळा उजेड फोटोत यायला पाहिजे.”

मी डॉक्टरांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “सर, माणसं आत असताना नका लावू. डोळ्यांना तकलीफ होईल.”

“मॅडम, पाच मिनिटांनी काही होत नाही,” डॉक्टर हसत म्हणाले आणि दारातून हात बाहेर काढून त्यांनीच बटण दाबलं.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. साहेबांना ते दिसलं. “काय हो, तुमी काहून बाहेर? जंतू तुमच्यात हायेत का?” सगळे खोखो हसले. मग साहेब बोलायला लागले. विज्ञान, स्वच्छता, जिल्ह्याचा विकास. पाच मिनिटांची वीस झाली. साहेबांनी मान वर करकरून दिव्याचं कौतुक केलं. आमची सफाईवाली मावशी ओवाळणीचं ताट धरून अगदी नळीखाली उभी होती, कारण तिला तिथेच उभं राहायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ झाला होता. डॉक्टर डोळ्यांवर ओला रुमाल धरून बसलेले. कारकून भिंत चाचपत आला. साहेबांचं टक्कल भाजून लाल झालं होतं म्हणे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरने त्यांना विचारलं होतं, “वेल्डिंगचं काम करता काय?” फोटोग्राफरचे डोळे तेवढे शाबूत होते. एक कॅमेऱ्याला लावलेला, दुसरा मिटलेला.

हे ऐकून मला हसू आलं, ते मी लपवलंही नाही. दुपारी मावशी आली नाही म्हणून तिच्या घरी गेले. ती पदराने डोळे झाकून कोपऱ्यात बसली होती. पाणी गळत होतं. तिला बघायला कुणीच आलं नव्हतं. मी तिला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. थेंब घातले, पट्टी बांधली. दोन दिवसांत बरं होईल, असं त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

परत येताना ती म्हणाली, “ताई, तुमाला ठाऊक होतं ना?”

“व्हय.”

“मग मला काहून न्हाई ओढलं बाहेर?”

साहेबांची फजिती होणार, या आनंदात मी व्हरांड्यात उभी होते. ताट धरलेली बाई मी पाहूनही पाहिली नव्हती.

आठवड्याने मला खुलासा मागणारं पत्र आलं : धोक्याची पूर्वसूचना का दिली नाही? मी स्वागताचा फलक काढून खालचा कागद उत्तराला जोडला. त्यावर वरून लेखी हुकूम आला : ‘सदर दिवा पुढील आदेशापर्यंत बंद अवस्थेतच वापरावा.’ तो कसा वापरायचा, हे विचारायला मी गेले नाही. पुढचा आदेश माझी बदली होईपर्यंत आला नाही.

मावशी बरी होऊन कामावर आली. रोज काम संपलं की मी खोलीला कुलूप लावायचे, व्हरांड्यातून दिवा चालू करायचे आणि आम्ही दोघी अर्धा तास पायरीवर बसायचो. ती शेंगा आणायची. कुणी साहेब फाटकातून येताना दिसला की तीच आधी उठून बटण बंद करायची.