बादशहाला घातलेला हार

आमच्या दुकानातले काच कापणारे चाचा नसते, तर मी त्याच दिवशी पिशवी भरून देगलूरला परत गेले असते. म्हणून आधी त्यांचं नाव घेते, मग हाराचं सांगते.

लातुरात फ्रेमच्या दुकानात लागून मला दोनच महिने झाले होते. सातवीत शाळा सुटलेली, इथं नात्यातलं कुणी न्हाई. मालक कधी नको म्हणतील, याची धास्ती रोजचीच. एक दिवस दाढीवाल्या माणसाचं मोठं चित्र आलं. दगडी चेहरा, खाली इंग्रजीत दोन ओळी. कुणाचे तरी आजोबा वारले असतील, घरच्यांनी पुतळा केला असेल, असं मला वाटलं. वारलेल्या माणसाच्या फ्रेमला आमच्याकडून चंदनाचा हार फुकट असतो. मी तो घातला.

न्यायला अभ्यासिकेचे सर आले, सोबत दोन विद्यार्थी. पोरं हसायलाच लागली. एकानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

सर मालकांवर तापले. "अहो, हा रोमचा बादशहा आहे. उद्या अभ्यासिकेचं उद्घाटन, आणि तुम्ही मयताचा फोटो करून ठेवला? लोक काय म्हणतील?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. "हार कुणी घातला?"

चाचा मान वर न करता म्हणाले, "मी घातला. बादशहा जिता हाय काय, सर?"

"हजारावर वर्षं झाली मरून."

"मग माझं चुकलं काय?"

मालक चाचांना लई बोलले, तेही गिऱ्हाइकासमोर. मी हार काढला. काढता काढता एका पोराला विचारलं, खाली काय लिहिलंय?

"लोक काय म्हणतात ते मनाला लावून घेऊ नका, असं हाय. लई फेमस हाय ताई हा. रोज रील येतेत."

आता माझ्याही मोबाइलवर तो येतो. मागं संगीत, पुढं तोच चेहरा: राग आवरा, मरण ध्यानात ठेवा. मरण ध्यानात ठेवा म्हणणाऱ्याला हार का चालत न्हाई? आणि सर एवढे का तापले? चाचांना विचारलं तर म्हणाले, "काच पूस."

चाचांचा हात हल्ली थरथरतो. कधी त्यांच्या हातून मोठी काच फुटली, तर मालकांनी विचारायच्या आत मी म्हणेन, माझ्या हातून फुटली.