घर नंबर सत्तावीस

सरकारला घाबरणारी माणसं मी आयुष्यात खंडीभर पाहिली, सरकारला शिव्या घालणारी तर त्याहून जास्त, आणि त्यात माझा नंबर बराच वर लागेल. पण सरकारी नियमावर मनापासून प्रेम करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तोही या देशाचा नव्हता. पुण्याजवळच्या आमच्या चांद्याला राहणारे इंजिनवाले साहेब. मूळचे ऑस्ट्रियाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पाणी उपसायची ऑइल इंजिनं विकायला म्हणून इकडे आले, लढाई पेटल्यावर इंग्रजांनी शत्रूचा माणूस समजून पुरंदरावर नजरकैदेत टाकलं, आणि सुटका झाली तेव्हा परत जायला तिकडे घरच उरलं नव्हतं. मग नदीकाठच्या मळ्यांतली इंजिनं दुरुस्त करत ते इथेच राहिले. मी तिथल्या शाळेचा हेडमास्तर. साहेबांना इंग्रजी येत होतं, पण अर्जाचं इंग्रजी निराळं असतं. ‘सविनय’ कुठे आणि ‘आज्ञाधारक’ कुठे हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यामुळे परदेशी माणसाने इथे राहायचं तर जे जे कागद लागतात ते सगळे लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. बारा वर्षं मी ते केलं. कुरकुरत केलं, पण केलं.

नियम असा होता की परदेशी माणसाने दरवर्षी पुण्याच्या पोलीस कचेरीत जाऊन राहण्याची मुदत वाढवून घ्यायची, आणि बरेच दिवस गावाबाहेर जायचं असेल तर आधी कळवायचं. आता ‘बरेच दिवस’ म्हणजे दोन आठवडे, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. पण साहेब अर्ध्या दिवसासाठी पौडला निघाले तरी कचेरीला पोस्टकार्ड टाकायचे! ‘आज पौडला जात आहे. पंपाचा वॉशर आणणे. संध्याकाळी परत.’ शिवाय तोच मजकूर मराठीत लिहून घराच्या दाराला चिठ्ठी लावायची ती वेगळीच. महाळुंग्याला गेले, चिठ्ठी. नदीवर आंघोळीला गेले, तरी चिठ्ठी. मी म्हणायचो, “अहो, कुणी विचारलंय का तुम्हाला?” त्यावर ते शांतपणे म्हणायचे, “इचारलं न्हाई, मास्तर. पर सांगितल्यालं बरं.” मराठी ते मळ्यांत शिकले होते, त्यामुळे सहा फुटी गोरा माणूस पुण्याच्या कचेरीत टोपी काढून अदबीने “आमी आलुया” म्हणाला की तिथल्या कारकुनाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मुदत संपायच्या बरोबर तीन दिवस आधी आमची वरात निघायची. पुढे सायकल मारत साहेब, मागे कॅरिअरवर मी, आणि माझ्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्या डब्यात त्यांचं नोंदणीचं पुस्तक, जुन्या अर्जांच्या नकला, आणि दरवर्षी नव्याने काढलेले चार फोटो. सूसच्या खिंडीत चढ लागला की मी उतरून चालायचो आणि चालता चालता सरकारचा उद्धार करायचो. पुढे कचेरीतला तो बाक! कारकून जेवायला गेलेत, कारकून आले पण फाइल सापडत नाही, फाइल सापडली पण सही करणारे अधिकारी उठून गेले. बारा वर्षांत मी त्या बाकावर जेवढा बसलो तेवढा सासुरवाडीलाही बसलो नसेन. मी जांभया द्यायचो, पाय मोकळे करून यायचो, आणि आमचे साहेब मात्र डबा मांडीवर घेऊन ताठ बसलेले. “तुम्हाला कंटाळा नाही का हो येत?” मी एकदा वैतागून विचारलं. “पुरंदरावर वाट बघावी आसं कुणी येनारच न्हवतं,” ते म्हणाले. “हितं निदान कारकून येतुया.”

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो. निवडणुका आल्या की मतदारयाद्या करायचं काम आम्हा मास्तरांच्या डोक्यावर. भर उन्हात घरोघर हिंडून मी सव्वीस नंबरच्या घरी टेकलो. ते भागूबाईचं घर. साहेबांच्या शेजारची ही म्हातारी. त्यांच्या दोन वेळच्या भाकऱ्या ती थापायची आणि ते तिचा रहाट नीट ठेवायचे. तिचं नाव लिहून मी सत्तावीस नंबर सोडून पुढे निघालो. त्या दाराला चिठ्ठी होती, ‘पौडला गेलो आहे.’ तशी भागूबाई माझ्या अंगावरच आली. “सव्वीस आमचं, अठ्ठावीस म्हादूचं, आन् मधलं काय भुताचं हाय व्हय? माणूस ऱ्हातुय न्हवं तितं?” मी म्हटलं, “अगं, ते परदेशी आहेत. त्यांना मत नसतं.” “मत नगा दिऊ. नाव तर लिवा! घर सोडून लिवत्यात का कुटं?” ऊन डोक्यावर, घशाला कोरड, म्हातारी ऐकेना. मला कायदा ठाऊक होता. तरी मी लिहिलं. खोटं कशाला बोलू, लिहिताना मला बरंही वाटलं.

यादी चावडीवर लागली. साहेबांनी ती वाचली, आणि तो सद्गृहस्थ गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. पण नियम! त्याच दिवशी पोस्टकार्ड गेलं: ‘माझं नाव मतदारयादीत आलं आहे. ते चूक आहे. कळविणे माझं कर्तव्य.’ पंधरवड्यात नोटीस आली. परदेशी असून भारतीय म्हणून नोंद करून घेतल्याबद्दल मुदतवाढ का नाकारू नये, समक्ष येऊन खुलासा करावा. म्हणजे खुलासा पटला नाही तर देश सोडा. मी डोक्याला हात लावून बसलो. भागूबाईने रडून गाव गोळा केलं. “मी बोलले, मास्तरांनी लिवलं, आन् शिक्षा त्याला!” साहेब मात्र कामाला लागले. लोकांची उघडून ठेवलेली इंजिनं भराभर जोडून ज्याची त्याला पोचवली. मग देश सोडायचा कोरा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. “मास्तर, ‘जाण्याचं ठिकाण’ असा रकाना हाय. त्यात काय लिवू?” मी तो अर्ज त्यांच्या हातातून काढून घेतला आणि घरात जाऊन पाणी प्यायलो.

कचेरीत नवे अधिकारी होते. दमलेला माणूस, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी विचारलं, “यादी करणाऱ्याला तुम्ही भारतीय असल्याचं सांगितलंत?” साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या पेन्शनीला दोन वर्षं उरली होती, हे त्यांना माहीत होतं. “व्हय,” ते म्हणाले, “सांगितलं आसल. म्हातारा झालोय, ध्येनात न्हाई.” बारा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी एवढंच खोटं ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं. मी उठून अधिकाऱ्यांना म्हणालो, “साहेब, यादी मी केली. नाव मी लिहिलं. त्या दिवशी हे घरी नव्हतेच, पौडला गेले होते.”

“आणि हे खरं कशावरून मानू? तुम्ही दोघेही ‘चूक माझीच’ म्हणताय!” अधिकारी म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातून तो जुना कारकून खाकरला. “पौडला गेले असतील तर कार्ड आलं असेल,” असं म्हणून त्याने कपाटातून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. सगळी साहेबांची पोस्टकार्डं! यादीवर मी घातलेली तारीख आणि कार्डावरची तारीख त्याने पुढे ठेवली. ‘आज पौडला जात आहे.’ अधिकाऱ्यांनी कार्ड वाचलं, दुसरं वाचलं, मग नदीवर आंघोळीला गेल्याचं वाचलं आणि डोळे चोळले. “एक वर्ष मुदत,” ते म्हणाले. “आणि मास्तर, ते नाव आजच्या आज काढा.” मला पुढे ठपक्याचं पत्र आलं. ते मी मुकाट्याने घेतलं.

परतताना खिंडीत साहेबही उतरून माझ्याबरोबर चालू लागले. म्हणाले, “मास्तर, नाव खोडल्यावर ते पान तुमी फेकून देणार?” मी म्हटलं, माझी नक्कल आहे, काय करायचंय तिला? “मग मला द्या.” मी घरी येऊन त्यांच्यासमोरच सत्तावीस नंबरावर तांबडी रेघ मारली आणि पान त्यांना दिलं. वर भागूबाई, खाली म्हादू, मधे रेघेखाली साहेब. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी न घालता डब्याच्या तळाशी ठेवलं आणि मला नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे चार वर्षांनी साहेब तापाने गेले. भागूबाईच्या पोराने अग्नी दिला. नोंदणीचं पुस्तक कचेरीत परत करायचा नियम होता, म्हणून डबा घेऊन मी एकटाच पुण्याला गेलो आणि त्या बाकावर बसलो. त्या दिवशी मला जांभई आली नाही. जुन्या कारकुनाने एकेक कागद ठेवून घेतला आणि तळातलं ते पान माझ्याकडे सरकवलं. “हे आमच्या दप्तरचं नाही, मास्तर.” मी म्हटलं, “नाही. ते आमच्या गावचं आहे.”

ते पान माझ्याकडे आहे. आता मी पेन्शनीत आहे, कुणाला काही कळवायचं बंधन नाही. तरी पौडला निघालो की सव्वीस नंबरच्या दाराशी थांबून सांगतो, संध्याकाळपर्यंत परत येतो म्हणून. भागूबाईला हल्ली ऐकू येत नाही. पण सांगितल्यालं बरं.