माठाजवळचा जपानी कागद

सकाळी पोळ्या लाटत होते, तर दार वाजलं. बाहेर दीपमाला, बोटांना निळा रंग.

"ताई, माहं पुडकं द्या. आज छापतो."

दीपमाला आर्णीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते. तिचे वडील उकंडाभाऊ सुतारकाम करायचे. त्यांच्याच पटाशीनं ती लाकडावर चित्र कोरते, रंग लावून जपानी पद्धतीनं कागदावर छापते. जपानी चित्र म्हणजे लाटा नि डोंगर, असं मला वाटायचं. पण तिनं मोबाइलवर क्योटोच्या चित्रकार हारुएबाई दाखवल्या. त्या आजच्या काळातलं, बसथांब्यावरचं थंड पेयाचं मशीन कोरतात. ते पाहून हिनं आपल्या चौकातलं पंक्चरचं दुकान कोरलं. दोघींनी एकमेकींना एकेक चित्र पाठवायचं ठरलं, आणि हारुएबाईंनी तिकडचा मोजकाच हातकागद पाठवला. तो आधी ओलसर करून, टॉवेलात गुंडाळून थंड ठेवावा लागतो. वाळला तर रंग धरत नाही, जास्त भिजला तर रंग पसरतो. तिच्याकडे फ्रिज नाही, म्हणून काल माझ्या फ्रिजमध्ये ठेवून गेली होती.

फ्रिज उघडला. वांगी होती, पुडकं नव्हतं. मी आधी अंगणातल्या दोरीकडे पाहिलं, कारण ओलं फडकं दिसलं की सासूबाई ते उन्हात टाकतात. दोरीवर नुसते आमच्या सोनूचे शाळेचे मोजे.

"आई, फ्रिजमधला टॉवेल?"

"माठाजवळ हाय," सासूबाई आतून म्हणाल्या. "पहाटेपासून लाइट नाही. तुह्या त्या कपाटात सांबार सडला असता."

आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात; टॉवेलात तीच आहे, असं त्या समजून चालल्या होत्या.

"आजी, वरून पाणी तं नाही शिंपडलं?" दीपमालानं माठाकडे धाव घेत विचारलं.

"ओल्याले अजून कायले ओलं करू?"

तिनं टॉवेल उलगडला, ओल पाहायला वरचा कागद गालाला लावला आणि तिथंच फरशीवर बसली.

"जसा ठेवलता तसाच हाय, ताई."

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "बाप्पा, कागद हाय काय हा? मी तं वांग्यात टाकाले घेणार होती."

आता कुठं दीपमाला हसली. माझा जीवही भांड्यात पडला. चहा होईपर्यंत तिनं कागदांचे दोन भाग केले, अर्धे आज छापायचे, अर्धे उद्या. उद्याचे पुन्हा टॉवेलात गुंडाळले. फ्रिजकडे पाहिलंही नाही.

"आजी," ती म्हणाली, "हे उद्यापर्यंत तुमच्या माठाजवळ ठेवू द्या."