पाय लागला

आमच्या घरात कुणाला चुकून पाय लागला, की त्याला हात लावून तो हात छातीशी न्यायचा. आई साताऱ्याची, तिच्या धाकात ही सवय माझ्या हाडीमाशी मुरलेली. वडिलांची बदली चंदीगडला झाली आणि मी सेक्टर बावीसमधल्या एका गच्चीवर कुंग-फू शिकायला लागले. तिथे तर दिवसभर लाथाच मारायच्या! माझी लाथ कुणाला बसली, की हात आपोआप खाली जायचा.

"पुत्तर, झुकेगी तो मुँह तुड़वाएगी," मास्टरजी ओरडायचे.

हाँगकाँगला आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. संघात मुलींसाठी जागा एकच, आणि निवडीच्या शेवटच्या लढतीत माझ्यासमोर पटियालाची मुलगी आली. आधीच्या लढतीत तिने एकीचं नाक फोडलेलं मी पाहिलं होतं. खोटं कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली. पहिल्याच फेरीत माझी लाथ तिच्या मांडीला लागली, सवयीने हात खाली गेला आणि तिचा ठोसा माझ्या कानशिलात बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"हाथ ऊपर. बस इतना ही," मास्टरजी विनवल्यासारखे म्हणाले.

दुसऱ्या फेरीत मी मुठी हनुवटीशी इतक्या आवळल्या, की बोटांना कळा लागल्या. लाथ तिच्या बरगड्यांखाली बसली. माझा हात जागचा हलला नाही. ती कोसळली आणि उठेना. श्वास घ्यायला तोंड नुसतं उघडत-मिटत होतं. मेली ही, असंच मला वाटलं. पंचांनी माझा हात वर धरला.

तेवढ्यात प्रेक्षकांतून आई आली. मॅटच्या कडेला तिने चपला काढल्या. कुणीतरी "बहनजी, रुकिए" म्हणत होतं, तिने लक्षच दिलं नाही. त्या मुलीच्या खांद्याला हात लावून तिने तो स्वतःच्या छातीशी नेला.

"पाय लागला गं तुला," ती मराठीतच म्हणाली. मुलीने कसाबसा श्वास घेतला आणि आईकडे बघत राहिली.

घरी येताना रिक्षात आईने एवढंच विचारलं, "तुझा हात कसा नाही गेला?"

"मी जाऊ दिला नाही."

हाँगकाँगला माझी लाथ बसलेल्याला हात लावायला ती बरोबर नसणार होती. सकाळपासून मी त्या मुलीला भीत होते. आता मला माझ्याच पायांची भीती वाटायला लागली.