उद्याच्या ट्रकचं चित्र

तेव्हा तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझी लेक होती, ते ट्रेनिंग आणि परीक्षा तिनंच भरवलेली. दहा वर्षांची नात होती, शाळेला सुट्टी म्हणून आलेली. घानाहून आलेली एक मुलगी होती, पंचविशीची, परीक्षा तिची होती. टेबलापलीकडं तीन जर्मन परीक्षक, दोघं पुरुष आणि एक पांढऱ्या केसांची बाई. मागं खुर्च्यांवर आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतनं आलेली वीसेक पोरं-पोरी, सगळी प्रोग्रॅम लिहिणारी. मी दुसरीपर्यंत शिकले, म्हणून मी बोलते आणि लेक लिहून घेते.

लेकीचं ऑफिस म्युनिकजवळ, उंटरश्लाइसहाइमला. तिथं दोन आठवडे त्या पोरांचं ट्रेनिंग होतं. छोट्या धंदेवाल्यांच्या उपयोगाचं काहीतरी फोनवर बनवायचं आणि शेवटच्या दिवशी दाखवायचं. चौघांना सहा महिने ठेवून घेणार, काम पुरं करायला मदत देणार. बाकीचे शनिवारच्या विमानानं घरी.

घानाच्या मुलीची आई बाजारात टोमॅटो विकते. माल कधी हवा ते ट्रकवाल्याला वेळेवर कळत नाही आणि ट्रक नको त्या दिवशी येतो. म्हणून मुलीनं वाचता न येणाऱ्या बायकांसाठी नुसत्या चित्रांचा प्रोग्रॅम केला होता. परीक्षकांची अट अशी, की वाचता न येणाऱ्या माणसानं तो त्यांच्यासमोर चालवायचा आणि मुलीनं तोंड उघडायचं नाही.

लेक घरी येऊन म्हणाली, "आई, येतेस का? जर्मनीत असं माणूस कुठं शोधू?"

"माझा अडाणीपणा कामाला आला म्हण."

"तसं नाही गं आई."

"तसंच आहे. येते मी."

नात हसत म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातनं जर्मनच येतं.

मालक गेले तेव्हा लेक तीन वर्षांची होती. त्यानंतर सव्वीस वर्षं मी कराडच्या मंडईत भाजी विकली. माल चुकीच्या दिवशी आला की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. कोथिंबीर सडून रस्त्यावर टाकलेली आहे आणि त्या दिवशी घरी चूल पेटलेली नाही. त्यामुळं त्या पोरीचं काम मला पटलं होतं.

चार दिवस तिनं माझ्याकडनं सराव करून घेतला. ती मला मम्मा म्हणायची. आधी टोमॅटोचं चित्र दाबायचं, मग क्रेट किती, मग ट्रक कधी. आज पाहिजे तर सूर्य. उद्या पाहिजे तर शेजारचं चित्र, त्यात चंद्र आणि त्याच्या पुढं सूर्य. प्रत्येक वेळी ती विचारायची, "मम्मा, ओके?" आणि मी म्हणायची, "ओके."

पण मी चित्र बघतच नव्हते. मी जागा पाठ केली होती. वर डावीकडं, मग मधलं, मग उजवीकडचं. मी सगळं असंच करते. एस-बानला, म्हणजे इथल्या लोकल गाडीला, जाताना पाटी वाचत नाही. बेकरी ओलांडायची, जिना उतरायचा, दुसऱ्या फलाटावर उभं राहायचं. मंडईत व्यापाऱ्याला दुसऱ्यांदा विचारलं तर चारचौघांत खेकसायचा, "डोकं घरी ठेवून आलीस का गं?" त्यामुळं एकदा सांगितलं की मान हलवायची सवय. आणि ही पोर तर रात्रंदिवस खपत होती, डोळे लाल. तिला नाही कसं म्हणू?

परीक्षेला फोन माझ्या हातात दिला. पांढऱ्या केसांच्या बाईनं सांगितलं आणि लेकीनं मराठीत केलं, "टोमॅटोचे पाच क्रेट, ट्रक उद्या."

टोमॅटो दाबला, पाच दाबले. तिसऱ्या पानावर आले आणि हात थांबला. रोज दोन चित्रं असायची, तिथं आज तीन होती. नंतर कळलं, आदल्या संध्याकाळी शिकवणाऱ्यानं परवाचं चित्रही घाल म्हणून सांगितलं होतं. पोरीनं घातलं. मला सगळं येतंय असंच तिला वाटत होतं, मग मला कशाला सांगेल.

मागच्या खुर्च्या वाजायच्या थांबल्या. पोर टेबलाच्या कडेला उभी होती, दोन्ही हात पाठीमागं. नातीनं काहीतरी कुजबुज केली, लेकीनं तिला दटावलं. मी तिन्ही चित्रं पहिल्यांदाच नीट बघितली. काही बोध होईना. म्हणून उजवीकडचं दाबलं. फोनवरचा ट्रक निघाला. मला वाटलं, झालं बाई.

परीक्षक बाईनं विचारलं, "ट्रक कधी येणार?"

"उद्या."

तिनं नाही म्हणून मान हलवली. "परवा येणार." आणि वहीत लिहिलं.

लेक वाकून माझ्या कानात म्हणाली, "आई, चष्मा विसरलीस असं सांगू का?"

"नको. सांग, मला ती चित्रं पहिल्या दिवसापासून कळली नव्हती. मी जागा पाठ केल्या होत्या."

लेकीनं ते इंग्रजीत सांगितलं. ते ऐकून पोर माझ्याकडं वळली. "मम्मा, तुम्ही रोज ओके म्हणत होता."

"म्हणत होते," मी म्हटलं.

संध्याकाळी चार नावं वाचली. तिचं नव्हतं.

मला वाटलं, आता ती तोंड दाखवणार नाही. शुक्रवारी ती घरी आली, फोन माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आता खरं सांगा." मी एकेक चित्र सांगितलं. चंद्रापाशी आले तेव्हा म्हटलं, "ह्याचा अर्थ मला वाटला, ट्रक रात्री येणार. मंडईत माल रात्रीच उतरतो. त्यात उद्या कुठनं आला?"

लेक तिला ते इंग्रजीत सांगत होती, ती लिहून घेत होती. इथं तिचं पेन थांबलं. म्हणाली, "आमचाही रात्रीच येतो." मग म्हणाली, "माझ्या आईलाही मी हेच दाखवलं होतं. ती पण ओके म्हणाली."

मी तिला पोळी-भाजी वाढली. तिनं खाल्ली. शनिवारी ती गेली. पुढं त्या प्रोग्रॅमचं काय झालं मला माहीत नाही. माझ्या एका होकारानं तिचे सहा महिने गेले, ते मी कुणावर ढकलत नाही.

हे वाचणाऱ्याला एवढंच मागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन शिकवाल तेव्हा कळलं का म्हणून विचारू नका, आम्ही हो म्हणतो. चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, हे काय आहे, तुझ्या शब्दांत सांग. आणि चुकीचं सांगितलं तर खेकसू नका.