शेवटच्या कडव्यातलं नाव

कोराडीच्या आमच्या कॉलनीत वीजकेंद्राच्या राखेनं संध्याकाळ पांढुरकी व्हायची. शेजारचे काका गाणी रचत. एक गाणं मी मागितलं, तर हसले. "गा, छाप, बदलव; मले विचारू नको. फक्त शेवटच्या कडव्यातलं माझं नाव राहू दे गा."

जयंतीच्या मंडपात ते गाताना मी काकांच्या जागी माझं नाव घातलं. टाळ्या स्वप्नासारख्या लांबत गेल्या. काका समोरच होते. एवढंच म्हणाले, "आवाज चांगला लागला गा."

गाणं वस्त्यावस्त्यांत पसरलं, माझ्या नावानं. मीही तसंच गात राहिलो. काका गेल्यावर मात्र त्यांचं नाव घालून गाऊ लागलो. परवा मंडपातली पोरं हसली, "दादा, आपलंच नाव काहून भुलून राहिले?"