काडी आधी, गॅस मागून

कारखान्याच्या कॅन्टीनमधली मोठी शेगडी एकट्याने पेटवता येत नाही. बर्नर जमिनीलगत आणि चावी पलीकडच्या भिंतीवर. एकाने वाकून पेटती काडी बर्नरला धरायची, "सोडा" म्हणायचं, मग दुसऱ्याने चावी फिरवायची. काडी आधी, गॅस मागून. यात उलटंपालटं झालं की साचलेला गॅस तोंडावर भडकतो.

मावशी इथे नवीन लागली तेव्हा काडी तिच्या हातात होती आणि चावी उस्तादाच्या. उस्ताद म्हणजे तेव्हाचा मुख्य स्वयंपाकी. नव्या माणसाची फिरकी घेतल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. त्याने चावी गुपचूप आधीच सोडून ठेवली आणि म्हणाला, "लाव गं." शेजारी कांदा परतत होता, त्यात तिला गॅसचा वास कळला नाही. भडका उडाला. डावी भुवई जळाली, कपाळ सोलवटलं, आणि अख्खं स्वयंपाकघर पोट धरधरून हसलं. भुवई पुन्हा धड उगवलीच नाही. नोकरीची गरज होती म्हणून मावशीने तो अपमान गिळला. पचवला मात्र नाही.

पुढे उस्तादाने स्वतःची खानावळ काढली, ती बुडाली, आणि गेल्या वर्षी तो पडलेल्या तोंडाने कामासाठी परत आला. एव्हाना स्वयंपाकघर मावशीच्या ताब्यात होतं. तिने त्याला लगेच ठेवून घेतलं. लोक म्हणाले, बाईचं मन मोठं. मोठं मन कसलं डोंबलाचं! इतकी वर्षं दातओठ खात बसलेली बाई, चालून आलेला माणूस सोडेल होय? तिने काड्यापेटी त्याच्या हातात दिली आणि चावी स्वतःकडे ठेवली.

आता रोज सकाळी उस्ताद शेगडीपुढे गुडघे टेकतो. खिडकी उघडी आहे ना बघतो, खाली वाकून वास घेतो, तोंड मागे ओढून हात लांब करतो. मग "सोडा" म्हणतो. मावशीला कसलीही घाई नसते. चावीवर हात ठेवून ती त्याच्याकडे नुसती बघत राहते. काडी विझली तर दुसरी लावायला सांगते. आग बोटांपाशी आली की मगच चावी फिरवते. जाळ निळा, शांत, गोल पेटतो. उस्तादाच्या केसालाही धक्का लागत नाही, आणि मावशीचा दिवस झकास जातो.

परवा पातेली चढवून झाल्यावर उस्ताद तिच्याजवळ आला. या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मावशी, चुकलं माझं तेव्हा," तो म्हणाला. "मला आता झोप लागत नाही. एकदाचा उडवून टाका भडका, आणि फिटंफाट करा."

मावशीने हात पुसले.

"गॅस मी आधी कधीच सोडणार नाही, उस्ताद," ती म्हणाली. "उद्या वेळेवर या."